चिकन डिनरच्या आधीची शांतता : एका गोमंतकीय गेम-स्ट्रीममधले क्षण आपोआप टिपण्याचे प्रकरण

हे प्रकरण गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या दोन भावंडांचे आहे. दोघांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांच्या ओळखीतला, सॉफ्टवेअरचे काम करणारा. यंत्रणा जोडून देण्याचे काम माझ्याकडे होते. निर्णय मात्र त्या दोघांचे.

पार्श्वभूमी

भाऊ विशीतला. रात्री जेवणे आटोपली की तो बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा मोबाइल खेळ खेळतो आणि यूट्यूबवर थेट दाखवतो. बोलतो मराठीत, रंगात आला की कोकणीत, स्क्वाडमध्ये, म्हणजे बरोबर खेळणाऱ्या संघात, कोणी बाहेरचा मिळाला तर हिंदीत. आयपॅडवर खेळतो, आयपॅडचे चित्र एचडीएमआय कॅप्चर कार्डातून संगणकात येते आणि तिथून ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचे आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ते यूट्यूबकडे पाठवते. एक बैठक साधारण तीन तासांची. शनिवार-रविवारी संध्याकाळीही बसतो.

थोरली बहीण पणजीत नोकरी करते. सकाळी कदंबा बसने जाते, दिवेलागणीला परतते. चॅनेलचे संकलन तिच्याकडे : तीन तासांच्या रेकॉर्डिंगमधून रंगलेले क्षण शोधायचे, उभ्या आकारात कापायचे, शॉर्ट्स म्हणून टाकायचे. थेट प्रक्षेपणाला येणारे प्रेक्षक बहुतेक ओळखीचे असतात. नवा माणूस चॅनेलवर येतो तो शॉर्ट बघून. त्यामुळे चॅनेल वाढायचे तर हे संकलन अनिवार्य, आणि नेमके तेच रखडत होते.

अडचण

बीजीएमआयचा एक पूर्ण सामना सुमारे अर्ध्या तासाचा. शंभर खेळाडू उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. सामन्यातला बराच वेळ बंदुका-गोळ्या गोळा करण्यात आणि पळण्यात जातो. एका रात्रीत पाच-सहा सामने. त्यातून दोन-चार मिनिटांचा ऐवज शोधण्यासाठी ताईला अख्खे रेकॉर्डिंग पुढे-मागे सरकवत बसावे लागे. थकलेली असली की जे आठवते तेवढेच ती कापे. आठवत काय असे? जिंकलेले सामने. बाकीचे तसेच राहून जाई, आणि जे बाहेर पडे तेही दोन-तीन दिवस उशिरा.

याहून मोठी अडचण तिने एका रविवारी बोलून दाखवली. "तू खेळताना बघायला मला आवडायचं रे. आता रेकॉर्डिंग उघडलं की डोकं दुखतं." भावाने काही तरी करू या म्हणून मला बोलावले, ते या वाक्यामुळे. चॅनेलची वाढ हे कारण दुसरे.

कोणत्याही यंत्रणेच्या आधी एक काम करून घेतले : जुन्या रेकॉर्डिंगांतले कोणते क्षण दोघांना खरोखर हवे होते, त्याची यादी. ती यादी करताना मतभेद झाले, आणि ते फार उपयोगी ठरले. भावाच्या यादीत एकट्याने तिघांना गारद केल्याचे प्रसंग होते. ताईच्या यादीत गाडी उलटून स्क्वाडसकट पाण्यात गेल्याचा प्रसंग होता. आणि सामन्याच्या सुरुवातीला, लूट गोळा करता करता, भाऊ गावच्या जत्रेतल्या नाटकातल्या पात्रांचे आवाज काढतो ते होते. त्या नकलांच्या वेळी पडद्यावर खेळाच्या दृष्टीने काहीही घडत नसते. पण चॅनेलचे जुने प्रेक्षक त्यासाठीच येतात.

म्हणजे आम्हाला दोन जातीचे क्षण पकडायचे होते : खेळातले आणि बोलण्यातले. एकाच जाळ्यात दोन्ही येणार नाहीत हे इथेच कळले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय कुणालाही सुचेल असा. ओबीएसमध्ये रिप्ले बफर नावाची सोय आहे. शेवटची ठरावीक सेकंदे ती सतत स्मृतीत धरून ठेवते आणि कळ दाबली की फाइल म्हणून लिहून काढते. घडून गेल्यावर दाबले तरी चालते, हे तिचे मोल. पण आयपॅडवर चार बोटांनी खेळणाऱ्याचा कोणता हात मोकळा असतो? पायाने दाबायचा यूएसबी पेडल आणून पाहिला. यंत्र म्हणून तो उत्तम चालला; पण ज्या क्षणी तो दाबायला हवा, त्याच क्षणी खेळाडूचे सगळे भान खेळात असते. खेळायची जागा वर्तुळासारखी आक्रसत जाते; त्या शेवटच्या वर्तुळात पाय कुठे आहे हे त्याला आठवत नसे.

दुसरा पर्याय प्रेक्षकांवर सोडण्याचा. यूट्यूबवर प्रेक्षक ५ ते ६० सेकंदांची क्लिप स्वतः करू शकतो. त्या क्लिपांवरून लोकांना काय आवडले हे कळते. पण क्लिप मूळ व्हिडिओलाच बांधलेली असते, संकलनासाठी तिची वेगळी फाइल हाती येत नाही. पुरवणी म्हणून ठीक, पाया म्हणून अपुरा.

तिसरा, तयार सेवा. व्हिडिओ चढवा, यंत्र क्षण निवडून देईल. इथे दोन गोष्टी आड आल्या. ६ मेगाबिट प्रतिसेकंद दराने तीन तासांचे रेकॉर्डिंग ८ जीबीच्या वर जाते. गावातल्या ब्रॉडबँडवरून रोज एवढे पुन्हा चढवणे झेपणारे नव्हते. आणि मराठी-कोकणीच्या मिसळीतले बोलणे समजून त्यातली नक्कल ओळखणे, हे आम्ही चाचणीसाठी दिलेल्या नमुन्यांत कुठल्याही सेवेला जमले नाही. खेळातले क्षण काही प्रमाणात आले, ताईच्या यादीतले जवळजवळ एकही नाही.

चौथा, खेळाकडूनच घटना विचारून घेणे. लीग ऑफ लेजंड्ससारखा संगणकावरचा खेळ चालू सामन्याची माहिती त्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रामला देतो. कोणी कोणाला मारले हे तिथे सरळ वाचता येते. बीजीएमआय तशी दारे उघडत नाही. खेळाच्या स्मृतीत डोकावणारे सॉफ्टवेअर लावणे म्हणजे फसवणूकविरोधी यंत्रणेला आमंत्रण, खाते कायमचे जाण्याची शक्यता. हा पर्याय चर्चेविना बाद केला आणि तो तसाच बाद राहावा.

उरला पाचवा : बाहेरून जे दिसते आणि ऐकू येते त्यावरच विसंबायचे. चॅटचा वेग, भावाचा आवाज, पडद्यावरचे आकडे. आणखी एक विचार यामागे होता. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये भारतातल्या ॲप दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या मधल्या काळात भावाला दुसरे खेळ दाखवून चॅनेल जिवंत ठेवावे लागले होते. एकाच खेळाला घट्ट बांधलेली यंत्रणा पुन्हा तशी वेळ आली तर निरुपयोगी होईल. म्हणून चॅट आणि आवाज हे कुठल्याही खेळाला चालणारे भाग, आणि पडद्यावरचे आकडे वाचणारा भाग सुटा, बदलता येण्याजोगा.

पहिला निर्णय : कापायचे की खूण करायची

ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून वेबसॉकेटची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामशी बोलण्याची, सोय आतच येते. बाहेरचा छोटा प्रोग्राम तिच्याद्वारे ओबीएसला सांगू शकतो, "बफर साठव." सुरुवातीची मांडणी अशी होती : चॅट उसळले की लगेच बफर साठवायचा. बफर ६० सेकंदांचा.

आलेल्या क्लिपा बघून ताई म्हणाली, "यात कोण मेला ते कळतं, का मेला ते कळत नाही." तिचे बरोबर होते. थेट प्रक्षेपण प्रेक्षकापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. यूट्यूबवर कमी विलंबाचा पर्याय निवडला तरी पाच-दहा सेकंदांचा फरक राहू शकतो. त्यावर प्रेक्षकाला टंकायला वेळ लागतो. चॅट उसळते तेव्हा प्रसंग होऊन पंधरा-वीस सेकंद उलटलेली असतात. ६० सेकंदांतली ती गेली, उरलेल्यात प्रसंगाची तयारी मावत नव्हती. उलट आवाजावरून खूण झाली की ती प्रसंगाच्या ऐन क्षणी होई आणि त्यानंतरचे हसणे, स्क्वाडचा गलका कापला जाई.

बफर १२० सेकंदांचा करता येतो. १२ मेगाबिट दराने तो १८० एमबी स्मृती खाईल, म्हणजे फार नाही. खूण झाल्यावर वीस सेकंद थांबून साठवताही येतो. पण त्यातही एक जोखीम उरते : यंत्राने चुकीची वेळ पकडली तर हवा तो भाग कायमचा गेला.

म्हणून मी सुचवले आणि दोघांनी मान्य केले की यंत्राने काही कापूच नये. पूर्ण बैठक संगणकावर रेकॉर्ड करायची, प्रोग्रामने फक्त वेळा नोंदवायच्या. तीन तासांचे रेकॉर्डिंग १२ मेगाबिट दराने सुमारे १६ जीबी होते. आठवडाभर ठेवून पुसले तर साधी हार्ड डिस्क पुरते. नोंद चुकली तर एक ओळ वाया जाते, व्हिडिओ नाही. माझ्या मते या सबंध प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवले. पावसाळ्यात डिचोलीत लाईट जाणे नवे नाही. साधी एमपी४ फाइल अर्ध्यात बंद पडली तर बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही गेलेल्या क्षणापर्यंत शाबूत राहते. नोंदीतली वेळ भिंतीवरच्या घड्याळाची न घेता ओबीएसलाच विचारायची, रेकॉर्डिंग आत्ता कितव्या सेकंदाला आहे ते. नाहीतर रेकॉर्डिंग उशिरा सुरू केले त्या दिवशी सगळ्या खुणा सरकतात.

दुसरा निर्णय : कशावर विश्वास ठेवायचा

आवाजापासून सुरुवात केली. ओबीएस आवाजाचे सहापर्यंत वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करू शकते. भावाचा माइक एका ट्रॅकवर, खेळाचा आवाज दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र राहिले असते तर प्रत्येक ग्रेनेडला खूण पडली असती.

नुसता माइकचा ट्रॅक घेऊनही ठरावीक पातळीची रेषा टिकली नाही. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि खोलीतला मुळातला आवाजच वर चढला. रात्रभर खुणाच खुणा. शनिवारी संध्याकाळी पोदेराच्या (पाव विकणाऱ्याच्या) सायकलचा भोंपू खिडकीखाली वाजला की खूण. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत शेजारच्या घरातली घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीची) चालू असताना तर यंत्राला सगळी बैठकच पराक्रमाने भरलेली वाटली. उपाय असा केला की ठरावीक रेषेऐवजी मागच्या पाच मिनिटांच्या मध्यकाशी तुलना करायची, आणि आवाज किमान दोन सेकंद चढा राहिला तरच मोजायचा. पाऊस मध्यकात जिरून गेला. भोंपू छोटा असल्याने सुटला. घुमटावर उपाय सापडला नाही, आणि खरे तर शोधलाही नाही. चवथीला भावाने स्ट्रीमच करू नये, आरतीला जावे, असे आईचे म्हणणे होते आणि ते ऐकले गेले.

चॅटचे गणित वेगळे. पहिल्या आवृत्तीत संदेश मोजले. एकच उत्साही मुलगा वीस वेळा तेच चित्र टाके आणि खूण पडे. मग संदेशांऐवजी दहा सेकंदांत किती वेगवेगळी माणसे बोलली ते मोजू लागलो. एवढ्या एका बदलाने खोट्या खुणा झपाट्याने घटल्या. बैठकीची पहिली दहा मिनिटे वगळली, कारण तेव्हा नमस्कार-चमत्कारांचा पूर असतो. लाईट जाऊन परत आली की "आयलो रे आयलो" म्हणून सगळे एकदम लिहितात. रेकॉर्डिंग नव्याने सुरू झाल्यानंतरची काही मिनिटेही वगळली.

शब्दांची यादी करून पाहायचा मोह झाला होता : "मारलो", "भारी", "कितें रे हें" आले की गुण द्यायचे. पण हे सगळे चॅट रोमन लिपीत येते, एकेका शब्दाची पाच-सात स्पेलिंगे, त्यात मराठी, कोकणी, हिंदी. यादी कधीच पुरी होईना. ती सोडली. किती माणसे बोलली हे भाषेवर अवलंबून नाही, आणि त्याच मोजमापाने नकलांचे क्षण सर्वांत चांगले पकडले.

चॅट वाचताना एक मर्यादा पाळावी लागते. यूट्यूबच्या एपीआयवर (प्रोग्रामने यूट्यूबकडून माहिती मागायच्या वाटेवर) मुळात दिवसाला १०,००० युनिटांचा कोटा मिळतो आणि प्रत्येक विचारणेला त्यातले काही खर्च होतात. दर सेकंदाला विचारत बसले तर मध्यरात्रीपूर्वीच चॅट येणे बंद होते. एपीआय स्वतःच पुढच्या विचारणेपर्यंत किती थांबायचे ते सांगते. निदान तेवढे थांबावे, आणि बैठक लांब असेल तर त्याहून अधिक.

जो क्षण कुठल्याच खुणेत आला नाही

यंत्रणा बसली असे वाटत असताना एक रात्र आली. शेवटच्या वर्तुळात भाऊ एकटा, समोर दोन अखंड स्क्वाडची माणसे. तो गवतात आडवा पडून राहिला. बोलणे कुजबुजीवर आले. चॅट थांबले, लोक श्वास धरून बघत होते, टंकणार कोण? एक गोळी न झाडता त्याने समोरच्यांना एकमेकांत लढू दिले आणि शेवटच्या उरलेल्याला टिपले. मग गलका झाला, त्याची खूण पडली. पण खुणेपासून मागे मोजून काढलेल्या दीड मिनिटात गवतातला तो सगळा काळ नव्हता. फक्त शेवटची गोळी आणि जिंकल्यावर पडद्यावर येणारे "विनर विनर चिकन डिनर".

ताईने पूर्ण रेकॉर्डिंगमधून मागचा भाग हाताने काढला. पूर्ण रेकॉर्डिंग होते म्हणूनच ते जमले. पण या प्रसंगाने आमची समजूत बदलली. गोंगाट सांगतो की काही तरी घडून गेले. या खेळात जे बघण्यासारखे असते ते पुष्कळदा त्याआधीच्या शांततेत असते, आणि ती शांतता ना माइकला कळते ना चॅटला. लूट गोळा करतानाची शांतता आणि शेवटच्या वर्तुळातली शांतता त्यांना सारखीच.

फरक सांगतो पडद्यावरचा एक आकडा : किती खेळाडू जिवंत आहेत. तेवढा तुकडा दर दोन सेकंदांनी कापून टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचायचा. आकडा १० च्या खाली गेला की तिथे "वर्तुळ सुरू" अशी नोंद. पुढे मोठी खूण पडली तर क्लिपची सुरुवात त्या नोंदीपासून धरायची, दीड मिनिटापासून नाही. आणि आकडा १० च्या खाली असताना माइकही चॅटही नेहमीपेक्षा शांत असतील तर तीही खूण. खेळाच्या अद्ययावतीकरणात पडद्याची मांडणी हलते तेव्हा त्या तुकड्याची जागा नव्याने सांगावी लागते; ती एका छोट्या फाइलीत ठेवली आहे, भाऊ स्वतः बदलतो.

लांब क्लिपांना आता जागाही आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो. पूर्वीच्या ६० सेकंदांत गवतातली ती प्रतीक्षा बसवताच आली नसती.

तिसरा निर्णय : आपोआप प्रसिद्ध करायचे का

भावाला हवे होते. खूण पडली, एफएफएमपेग या व्हिडिओ कापणाऱ्या सॉफ्टवेअरने क्लिप कापली, झोपण्याआधी शॉर्ट वर. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही.

ताईने नकार दिला आणि त्यामागे ठोस प्रसंग होता. एका रात्री माइक चालू असताना घरात आजीच्या आजारपणाचा फोन आला. भावाचा आवाज चढला, चॅटमध्ये सगळे "काय झालं?" विचारू लागले. यंत्राच्या हिशेबाने ती त्या रात्रीची सर्वांत पक्की खूण होती. ती आपोआप बाहेर गेली असती तर?

दुसरा मुद्दा स्क्वाडचा. भावाबरोबर खेळणाऱ्यांत गावातला एक शाळकरी मुलगा आहे. थेट प्रक्षेपणात त्याचा आवाज काही जण ऐकतात आणि ते मागे पडते. शॉर्ट मात्र फिरत राहतो. त्याच्या आईशी ताई स्वतः जाऊन बोलली. ठरले असे की त्याचा आवाज असलेली क्लिप त्यांना दाखवल्याशिवाय टाकायची नाही, आणि स्क्वाडचे बोलणे वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे, म्हणजे हवे तेव्हा काढता येईल. खेळातल्याच व्हॉइसवर बोलले तर ते खेळाच्या आवाजात मिसळून येते. म्हणून स्क्वाड आता संगणकावरच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलतो.

निर्णय : यंत्र उमेदवार गोळा करेल, निवड ताई करेल. यात मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. क्षण कोणाचा आहे हे यंत्राला माहीत नसते.

निष्पत्ती

बैठक संपली की प्रोग्राम नोंदींवरून कच्चे तुकडे कापतो आणि ताईच्या फोनवर पाठवतो. पुन्हा एन्कोड न करता कापल्याने सुरुवात एक-दोन सेकंद पुढे-मागे होते, कच्च्या तुकड्याला ते चालते. ताई सकाळच्या बसमध्ये ते बघते, हवे त्यांना खूण करते, आणि रात्री फक्त तेवढ्यांचे नीट संकलन करते. अख्खे रेकॉर्डिंग तिला क्वचितच उघडावे लागते. शॉर्ट आता दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो.

खोट्या खुणा आजही येतात. त्या शून्यावर आणण्याचा प्रयत्न मुद्दाम केला नाही : बसमध्ये दहा निरुपयोगी तुकडे अंगठ्याने सरकवणे सोपे, हरवलेला एक क्षण शोधणे अवघड. रेषा थोडी सैल ठेवलेली बरी.

ताई पुन्हा अधूनमधून स्ट्रीम थेट बघू लागली आहे.

पुन्हा करायचे तर

क्रम बदलावा. आवडलेल्या क्षणांची यादी आधी केली ते योग्यच. पण त्या यादीतल्या प्रत्येक क्षणापुढे "तो कुठून सुरू होतो" हेही तेव्हाच लिहिले असते तर शांततेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात दिसला असता. दोघांनी फक्त शेवट नोंदवले होते.

संमतीची बोलणी यंत्रणा बसवण्याआधी व्हावीत. कोणाकोणाचे आवाज येतात हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ट्रॅक वेगळे करायचे तर ते तेव्हाच सोपे जाते.

पेडलवर वेळ घालवू नये, असे मात्र म्हणणार नाही. तो टेबलाखाली अजून आहे आणि त्याचा एक वेगळा उपयोग निघाला : दाबला की नोंदीत "हे वापरू नको" अशी ओळ पडते. घरातले काही बोलणे माइकवर गेले, की खेळ थांबवून भाऊ तो दाबतो. तेव्हा त्याला पाय कुठे आहे ते आठवते.

अजून सुटलेले नाही ते नकलांचे. त्या लांबत जातात, चॅट मध्येच उसळते आणि खूण भरात पडते. नक्कल कुठून सुरू झाली हे सांगणारा आकडा पडद्यावर नाही. सध्या तिथे खुणेच्या चार मिनिटे आधीपासून कापतो आणि सुरुवात ताई कानाने शोधते.